कोपऱ्यातलं घड्याळ आणि खालची पट्टी

हातातलं काम चालू द्या, कान मात्र इकडे असू द्या. जवळ कागद-पेन असेल तर बरं, कारण आज दोन-चार गोष्टी लिहून घ्यायच्या आहेत.

आज बोलूया घरातल्या किंवा ग्रामसंघाच्या कार्यालयातल्या जुन्या कॉम्प्युटरबद्दल. आपल्याकडे असे कॉम्प्युटर पुष्कळ आहेत. २००१ साली पुण्यात एमकेसीएल सुरू झालं, एमएस-सीआयटीचा कोर्स गावोगाव पोचला, आणि त्यानंतरच्या वर्षांत अनेक घरांनी मुलांसाठी म्हणून कॉम्प्युटर घेतला. मुलं शिकून नोकरीला गेली, कॉम्प्युटर घरी राहिला. काही ठिकाणी शहरातल्या ऑफिसने नवीन घेतले आणि जुने गावाला दिले. आता त्याच्यावर आपल्या गटाचा हिशोब चालतो. यंत्र जुनं असलं तरी काम चोख करतं, फक्त दोन तक्रारी सारख्या कानावर येतात. एक, "ताई, रोज सकाळी तारीख चुकीचीच दाखवतो." आणि दुसरी, "खालची पट्टीच गायब झाली."

या दोन्ही गोष्टी आपल्या आपल्याला दुरुस्त करता येतात. त्याला लागतं काय, तर एक पेचकस, पन्नास रुपयांच्या आतबाहेर मिळणारा एक सेल आणि थोडा धीर.

एवढ्याशा तारखेचं एवढं काय?

आपली पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड, अद्ययावत लेखे. या पाचांतलं एकही सूत्र तारखेशिवाय चालत नाही. कर्ज कधी घेतलं, हप्ता कधी भरला, व्याज किती दिवसांचं, हे सगळं तारखेवरून ठरतं.

मी पुण्यात राहून आजूबाजूच्या तालुक्यांतल्या गटांबरोबर काम करते. अशाच एका गटात एका ताईला भर बैठकीत ऐकून घ्यावं लागलं की तिने हप्ता थकवला. तिने तर ५ मार्चलाच पैसे भरले होते. कॉम्प्युटरच्या यादीत मात्र तारीख होती ३ मे. ५ मार्च ते ३ मे म्हणजे ५९ दिवस. दहा हजारांच्या कर्जावर महिना एक टक्का व्याज धरलं, तर जवळजवळ दोनशे रुपये तिच्या नावावर जास्तीचे चढले. तिच्याकडे पावती होती म्हणून निभावलं. पण दोनशे रुपयांपेक्षा तिला लागलं ते बायकांसमोर खोटं ठरणं. ही तारीख अशी कशी उलटली, ते पुढे सांगते. आधी घड्याळ नीट करू.

घड्याळ कुठे असतं?

कॉम्प्युटरच्या ज्या डब्याला आपण सीपीयू म्हणतो, त्याच्या आत एक मोठी हिरवी किंवा निळी पट्टी असते, मदरबोर्ड. त्यावर एक छोटं घड्याळ बसवलेलं असतं. मनगटी घड्याळात असतो तसाच क्वार्ट्झचा बारीक स्फटिक तिथे असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. या आकड्याला सलग पंधरा वेळा निम्मं करत गेलं की बरोबर एक उरतो, म्हणजे एक सेकंद.

लाईट असली की या घड्याळाला वीज मेनमधून मिळते. लाईट गेली किंवा भिंतीवरचं बटण बंद केलं, की ते एका चपट्या गोल सेलवर चालतं. हा सेल एक रुपयाच्या नाण्यापेक्षा जरासा लहान असतो. त्यावर सीआर २०३२ असं कोरलेलं असतं. २० म्हणजे वीस मिलिमीटर रुंदी, ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. ताकद तीन व्होल्ट.

हा सेल साधारण तीन ते पाच वर्षं जातो, कधी त्याहून जास्त. आपल्याकडे तो लवकर संपतो, कारण आपण काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करतो. पावसाळ्यात विजा कडाडतात तेव्हा तर पिनच काढून ठेवतो. ते बरोबरच आहे, तसंच करत राहा. एवढंच लक्षात ठेवा की त्या सगळ्या वेळात घड्याळ सेल खातंय.

आधी चूक ओळखा

घरातल्या माणसाला ताप आला की आपण आधी विचारतो, कधीपासून, किती, थंडी वाजते का. तसंच इथे करायचं. मोबाईलमधली वेळ समोर ठेवा. मोबाईलची वेळ नेटवर्कवरून येते, ती सहसा बरोबर असते. आता कॉम्प्युटरची वेळ किती चुकली आहे ते पाहा.

पहिला प्रकार. तारीख थेट मागच्या कुठल्या तरी वर्षाच्या १ जानेवारीला गेली आहे. बटण बंद करून परत चालू केलं की पुन्हा तेच. सुरू होताना काळ्या पडद्यावर "सीएमओएस चेकसम एरर" किंवा "सीएमओएस बॅटरी लो" असं काही येतं आणि एफ-१ दाबायला सांगतं. हा सेल संपल्याचा दाखला आहे. यंत्र बिघडलेलं नाही. एका ग्रामसंघाला याच लक्षणावर मदरबोर्ड गेला, नवीन कॉम्प्युटर घ्या, असं सांगण्यात आलं होतं. नवा सेल घातला आणि तोच कॉम्प्युटर आज त्यांचं काम करतोय.

दुसरा प्रकार. तारीख बरोबर, पण वेळ अर्ध्या तासाच्या किंवा पाव तासाच्या हिशोबात नेमकी पुढे-मागे. म्हणजे कॉम्प्युटरला आपला देश चुकीचा सांगितला गेला आहे. आपली भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. यादीत चुकून काठमांडू निवडलं तर घड्याळ पंधरा मिनिटं पुढे जातं. कराची निवडलं तर तीस मिनिटं मागे, ढाका निवडलं तर तीस मिनिटं पुढे. आणि साडेबारा किंवा साडेतेरा तास मागे असेल तर कॉम्प्युटर स्वतःला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर समजतोय. विंडोज नव्याने टाकल्यावर हे बऱ्याचदा होतं. यात सेल बदलून काही उपयोग नाही.

तिसरा प्रकार. घड्याळ हळूहळू मागे पडतं, आठवड्याला पाच-दहा मिनिटं. सेल अशक्त होत चाललाय. दिवसाला एखाद-दोन सेकंदांचा फरक मात्र सोडून द्या, तेवढा साध्या स्फटिकात पडतोच.

चौथा प्रकार. वेळ बरोबर आहे, फक्त तारीख उलटी लिहिली जाते, आधी महिना आणि मग दिवस. हाच तो आपल्या ताईचा घोटाळा.

बिनखर्चाची दुरुस्ती

उजव्या कोपऱ्यातल्या घड्याळावर माऊसचं उजवं बटण दाबा. "अ‍ॅडजस्ट डेट/टाइम" असं येईल, ते निवडा. आधी टाइम झोन बघा. यादीत आपल्या ओळीवर चार शहरं एकत्र लिहिलेली असतात, चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली. तीच ओळ हवी. आपल्या पुण्याचं नाव तिथे नाही, शोधत बसू नका. सगळ्या देशाला वेळ एकच.

मग तारीख आणि वेळ हाताने बरोबर करा. त्यानंतर इंटरनेट असेल तर कॉम्प्युटरला आपोआप वेळ जुळवायला सांगता येतं. विंडोज सेव्हनमध्ये "इंटरनेट टाइम" नावाचा भाग आहे, त्यात "अपडेट नाऊ" दाबायचं. विंडोज टेनमध्ये "सेट टाइम ऑटोमॅटिकली" चालू करायचं. क्रम महत्त्वाचा आहे. तारीख आधी हाताने बरोबर करायची आणि मग आपोआप जुळवायला सांगायचं. घड्याळ वर्षानुवर्षं मागे असेल तर विंडोज एवढा मोठा फरक आपणहून दुरुस्त करत नाही, आणि आपल्याला वाटतं नेटच चालत नाही.

सेल बदलणं

सेलसाठी पुण्याला यायची गरज नाही. मनगटी घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडे किंवा तालुक्याच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात सीआर २०३२ सांगितलं की मिळतो. स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यात आणि गाडीच्या रिमोटमध्येही बऱ्याचदा हाच असतो. कुणी पुण्यात येतच असेल तर बुधवार पेठेतली तापकीर गल्ली आहेच. फक्त आकडा बघून घ्या. २०२५ आणि २०१६ दिसायला जवळजवळ सारखे असतात, पण पातळ असतात आणि नीट बसत नाहीत.

आता कृती सांगते. ही डब्याच्या कॉम्प्युटरसाठी आहे. लॅपटॉपमध्ये सेल बऱ्याचदा वायरने जोडलेला आणि आत खोल असतो, तो दुकानातच बदलून घ्या.

सेल काढायच्या आधी एक काम करा. कॉम्प्युटर चालू होताना डिलीट किंवा एफ-२ बटण सारखं दाबत राहा. निळा किंवा काळा पडदा उघडेल, त्याला बायोस म्हणतात. तिथल्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि काही न बदलता बाहेर या. सेल काढला की तिथल्या सेटिंग मूळपदावर जातात. काही कॉम्प्युटरमध्ये हार्डडिस्कची एक सेटिंग असते, साटा मोड, तिथे एएचसीआय किंवा आयडीई लिहिलेलं असतं. ती बदलली गेली तर विंडोज सुरूच होत नाही आणि आपल्या पोटात गोळा येतो. फोटो असेल तर पहिल्यासारखं करून ठेवता येतं. मात्र सेल आधीच पार संपला असेल, तर या सेटिंग तेव्हाच मूळपदावर गेलेल्या असतात. मग आत्ता कॉम्प्युटर ज्या सेटिंगवर चालतोय, त्याच टिपून ठेवा.

यानंतर कॉम्प्युटर बंद करा. भिंतीवरचं बटण बंद करा आणि पिन काढा. मग सीपीयूचं चालू करायचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, आत उरलेली वीज निघून जाते. मागचे दोन स्क्रू काढून डावीकडचं झाकण सरकवा. सीपीयूच्या आतल्या रंग नसलेल्या पत्र्याला एकदा हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. नायलॉनची साडी असेल तर हे नक्की करा.

आत चकाकणारा गोल सेल दिसेल. तो कसा बसलाय याचा फोटो काढा. अधिकची खूण आणि कोरलेली अक्षरं आपल्याकडे, म्हणजे वरच्या बाजूला असतात. कडेला एक लहानशी पत्र्याची जीभ असते, ती लाकडी काडीने बाजूला दाबली की सेल टपकन वर येतो. चिमटा किंवा सुरी घालू नका. नवा सेल कडेला धरून, अक्षरं वर ठेवून, तिरका घाला आणि दाबा. टक् असा आवाज येतो.

झाकण लावा, पिन लावा, चालू करा. पुन्हा बायोसमध्ये जाऊन तारीख-वेळ भरा आणि एफ-१० दाबून साठवा. इथे एक सावधगिरी बाळगा. बायोसमध्ये बहुतेक वेळा आधी महिना असतो आणि मग दिवस. ५ मार्च लिहायचा तर आधी ०३, मग ०५.

मग खरी परीक्षा घ्या. कॉम्प्युटर बंद करून पिन काढून रात्रभर ठेवा. सकाळी चालू केल्यावर वेळ बरोबर असेल तर काम फत्ते. नव्या सेलची तारीख एका चिकटपट्टीवर लिहून सीपीयूच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या वेळी कुणाला विचारावं लागणार नाही.

जुना सेल पोराबाळांपासून लांब

हा भाग नीट ऐका. काढलेला सेल टेबलावर ठेवून चहा टाकायला जाऊ नका. चपटा, चकचकीत सेल रांगत्या मुलाला गोळीसारखा वाटतो. तो अन्ननलिकेत अडकला तर ओल्या जागेत त्याची वीज वाहायला लागते आणि दोन तासांच्या आत आतली कातडी भाजू शकते. संपलेल्या सेलमध्येही एवढी ताकद उरलेली असते. मुलाने सेल गिळल्याची शंका जरी आली, तरी उलटी करायला लावू नका, सकाळपर्यंत वाट बघू नका, केळं-भात खायला घालून बघू नका. तसंच उचला आणि एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. १०८ला फोन करा. नाकात किंवा कानात घातला असेल तरीही तेवढीच घाई करा.

जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि बंद डबीत ठेवा. चुलीत टाकू नका, फुटतो. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेमार्फत ई-कचरा गोळा होतो. गावात तशी सोय नसेल तर ग्रामसंघात एक बरणी ठेवा आणि कुणी शहरात जाईल तेव्हा एकदम पाठवा.

उलटलेली तारीख आणि आपलं लेजर

आता त्या ताईच्या हप्त्याची गोष्ट. कॉम्प्युटरमध्ये "रीजन" नावाची सेटिंग असते. तिथे युनायटेड स्टेट्स असेल तर कॉम्प्युटर अमेरिकी पद्धतीने तारीख वाचतो, आधी महिना, मग दिवस. सचिव ताईंनी आपल्या पद्धतीने ०५/०३ लिहिलं. कॉम्प्युटरने ते पाचव्या महिन्याची तीन तारीख असं वाचलं. चूक ना हप्ता भरणारीची, ना लिहिणारीची.

यातली खोच अशी, की बारा तारखेपर्यंतच्याच नोंदी उलटतात. २५/०३ लिहिलं तर पंचविसावा महिना नसतो, म्हणून एक्सेल त्याला तारीख मानतच नाही, नुसती अक्षरं मानतं. त्यामुळे यादीत निम्म्या नोंदी बरोबर दिसतात आणि कुणाला संशय येत नाही.

ओळखायची सोपी खूण आहे. तारखांचा रकाना वरपासून खालपर्यंत बघा. एक्सेल ज्याला तारीख समजतं ते चौकटीच्या उजव्या कडेला लागतं, ज्याला अक्षरं समजतं ते डाव्या कडेला. काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या तर समजा की रीजन चुकलंय. कंट्रोल पॅनलमध्ये रीजन उघडा आणि "इंग्लिश (इंडिया)" निवडा.

पण सेटिंग बदलल्याने आधी उलटलेल्या नोंदी आपोआप सुलट होत नाहीत. त्या हाताने, पावत्या आणि पासबुकं समोर ठेवून दुरुस्त कराव्या लागतात. हे काम एकटीने करू नका. अध्यक्ष, सचिव आणि आणखी एक सदस्य अशा तिघी बसा. बदललेली प्रत्येक नोंद कागदी वहीत लिहा आणि पुढच्या बैठकीत वाचून दाखवा. ज्या बाईवर थकबाकीचा ठपका आला असेल, तिचं नाव घेऊन सांगा की तिचा हप्ता वेळेवर होता. पुढे घोटाळा नको असेल तर महिना अक्षरात लिहायची सवय लावा. ५ मार्च असं लिहिलं की अमेरिकेलाही तो मार्चच वाचावा लागतो.

आणखी एक. काहींच्या शीटमध्ये थकीत दिवस आपोआप मोजायचं सूत्र असतं. ते आजची तारीख कॉम्प्युटरच्या घड्याळावरूनच घेतं. घड्याळ २००९ सालात गेलं की थकीत दिवस उणे दाखवायला लागतात. असा उणे आकडा दिसला की लेजरला हात लावण्याआधी कोपऱ्यातलं घड्याळ बघा.

बँकेची साईट का उघडत नाही?

तारीख चुकली की बँकेची किंवा सरकारी साईट उघडताना "युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट" असा इशारा येतो. त्याचं कारण असं. प्रत्येक सुरक्षित साईटकडे एक दाखला असतो, आणि तो अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत चालतो असं त्यावर लिहिलेलं असतं. आपला कॉम्प्युटर स्वतःला २००९ सालात समजत असेल तर त्याला वाटतं, हा दाखला अजून सुरूच झालेला नाही. म्हणून तो आत सोडत नाही. तारीख बरोबर केली की बहुतेक वेळा साईट उघडते. तरीही इशारा येत राहिला तर "पुढे जा" दाबून बँकेच्या साईटवर कधीही जाऊ नका.

आणि खरं सांगायचं तर जुन्या विंडोजवर बँकेचा व्यवहार करूच नका. विंडोज एक्सपीची सुरक्षा दुरुस्ती कंपनीने ८ एप्रिल २०१४ला थांबवली, विंडोज सेव्हनची १४ जानेवारी २०२०ला. विंडोज टेनची नेहमीची मोफत सेवाही १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. अशा कॉम्प्युटरवर हिशोब, पत्रं, ठराव खुशाल लिहा. पैशाचा व्यवहार मात्र बँकेत जाऊन किंवा नीट अपडेट होणाऱ्या फोनवरून करा.

खालची पट्टी कुठे गेली?

आता दुसरी तक्रार. पडद्याच्या खालची जी पट्टी, जिच्यावर डावीकडे स्टार्ट आणि उजवीकडे घड्याळ असतं, तिला टास्कबार म्हणतात. ती "गेली" म्हणजे बहुतेक वेळा लपली, सरकली, फुगली किंवा अडकली. चारही वेळा उपाय वेगळा आहे.

लपली असेल तर माऊस पडद्याच्या अगदी खालच्या कडेला न्या. पट्टी वर येईल. तिच्यावरच्या मोकळ्या जागेत उजवं बटण दाबा. जुन्या विंडोजमध्ये "प्रॉपर्टीज" आणि विंडोज टेनमध्ये "टास्कबार सेटिंग्ज" निवडा. तिथे "ऑटो-हाइड" समोरची खूण काढा. फक्त इंटरनेट बघतानाच पट्टी दिसत नसेल तर एफ-११ दाबून बघा. ते पूर्ण पडदा करायचं बटण आहे, मांजर कीबोर्डवरून गेलं तरी दाबलं जातं.

सरकली असेल, म्हणजे डावीकडे उभी किंवा वरती दिसत असेल, तर कुणीतरी माऊसने ओढली आहे. मोकळ्या जागेत उजवं बटण दाबून "लॉक द टास्कबार"ची खूण काढा. मग मोकळ्या जागेत डावं बटण दाबून धरा, खालच्या कडेपर्यंत ओढा आणि सोडा. लॉकची खूण परत लावा. नातवंडं घरात असतील तर ही खूण फार उपयोगाची.

फुगली असेल, दोन-तीन ओळींएवढी जाड झाली असेल, तर लॉक काढा. पट्टीच्या वरच्या कडेवर माऊस नेला की दोन टोकांचा बाण दिसतो. तो धरून खाली ओढा. विंडोज एक्सपीत उलटंही होतं, पट्टी नुसती रेघ होऊन बसते. तिथे तसाच बाण धरून वर ओढायचं.

अडकली असेल, म्हणजे दिसते पण दाबल्यावर काही होत नाही, तर आधी चालू असलेली फाईल सेव्ह करा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. विंडोज टेनमध्ये यादीतलं "विंडोज एक्सप्लोरर" शोधा, उजवं बटण दाबून "रीस्टार्ट" करा. विंडोज सेव्हनमध्ये "प्रोसेसेस"मधलं एक्सप्लोरर बंद करायचं, मग "फाईल"मधून "न्यू टास्क" उघडून तिथे इंग्रजीत एक्सप्लोरर असं लिहून एंटर दाबायचं. क्षणभर पडदा रिकामा होईल, घाबरू नका. ही पट्टी दाखवणारा प्रोग्रॅम फक्त बंद होऊन पुन्हा सुरू होतोय. तुमच्या फाईली जागच्या जागी असतात.

पट्टी आहे, पण तिच्यावरचं घड्याळच दिसत नाही, असंही होतं. एक्सपीत प्रॉपर्टीजमध्ये "शो द क्लॉक" अशी खूण असते. सेव्हन आणि टेनमध्ये "टर्न सिस्टिम आयकॉन्स ऑन ऑर ऑफ" असं असतं, तिथे क्लॉक चालू करा.

आणि पट्टी निम्मीच दिसत असेल तर दोष मॉनिटरचाही असू शकतो. जुन्या मॉनिटरवर "ऑटो" नावाचं बटण असतं, ते दाबलं की चित्र आपोआप जागेवर येतं. टीव्हीला कॉम्प्युटर जोडला असेल तर टीव्हीच्या चित्राच्या आकाराची सेटिंग बदलून बघा, टीव्ही कधीकधी कडा कापतो.

मदत मागताना

सगळं करूनही जमलं नाही तर जाणकाराला बोलवायला हरकत नाही. पण तेव्हा "कॉम्प्युटर बिघडलाय" एवढंच सांगू नका. "बटण बंद केल्यावर तारीख मागे जाते, पडद्यावर सीएमओएस बॅटरी लो येतं, सेल बदलून इतके दिवस झाले" असं सांगा. लक्षण नेमकं सांगणाऱ्या बाईला कुणी उगाच मोठं बिल लावत नाही. दुरुस्तीला नेण्याआधी लेजरची प्रत पेनड्राइव्हवर काढून कपाटात ठेवा. काढलेला जुना भाग परत मागून घ्या.

कॉम्प्युटरवर अचानक मोठा इशारा आला, आवाज सुरू झाला आणि एखादा फोन नंबर दिसला, तर त्यावर फोन करू नका. "आम्ही कंपनीतून बोलतोय, तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, हे अ‍ॅप टाका" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. कंपनी असे फोन करत नाही. कुणाचे पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

पुढच्या बैठकीत एवढं करा

बैठक सुरू झाली की मोबाईल आणि कॉम्प्युटर शेजारी ठेवून दोन्हींची तारीख-वेळ मोठ्याने वाचा. फरक असेल तर आधी घड्याळ लावा, मग लेजर उघडा. तारखांचा रकाना एकदा नजरेखालून घाला, कुठली डावीकडे सरकली आहे का बघा. आणि हे काम दर महिन्याला वेगळ्या सदस्याला द्या. एकाच ताईला सगळं येतं आणि बाकीच्या लांबून बघतात, असं होऊ देऊ नका. सीपीयूचं झाकण उघडून आतला सेल एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितला की त्या डब्याची भीती निम्मी होते.

तुमच्या गटात हे करून बघा आणि कुठे अडलं ते आमच्या कार्यक्रमाला कळवा. पुन्हा भेटूच. नमस्कार.